ताडकळसच्या म्हाताऱ्याची हाक

१२ फेब्रु. ८६, पूर्णा
रेल्वे क्वार्टरच्या मागं लग्न. लिंबावर चढून दोन्ही भोंगे बांधले, हात सोलला. पोरं नाचायची गाणी मागायलेत, म्हातारे म्हणतात सनई लाव. टेप एकच. मालक सत्तारभाई म्हणाले, "दूल्हा जो बोलेगा वो बजा. बाकी सब बाराती."

दुपारी एक म्हातारा आला. पंगतीला गेला न्हाई, सरळ माझ्याकडं. किसनबा, ताडकळसचा. "बाबा, भोंग्यातून एकदा हाक मार. दिगंबर नाव. डावा कान बैलानं फाडलेला."
पोरगं परागंदा हाय, मागच्या सालापासून. मी म्हणलं, इथं कशाला येईल? म्हणाला, "भोंगा वाजला की औत सोडून पळायचा. जिथं तुझी गाणी तिथं त्यो."
मारली हाक. दिगंबर, असशील तिथून मंडपाजवळ ये, वडील उभे हायेत. नवरीकडचे डोळे वटारून बघायले. कोणी आलं न्हाई. म्हातारा मात्र खूश. आवाज लय लांब जातो म्हणाला.

२३ फेब्रु.
नदीकाठच्या खेड्यात साखरपुडा. म्हातारा पुन्हा हजर. एवढ्या लांब चालत. सत्तारभाई चिडले, "शादी-ब्याह में गुमशुदा का नाम कायकू? लोगां आगे बुलाते क्या अपने को?"
मग मीच तोड काढली. सकाळी पाव्हणे यायच्या आधी टेस्टिंग असतं. हॅलो हॅलोच्या जागी दिगंबर दिगंबर म्हणायचं. कोणाला कळत न्हाई. सत्तारभाई म्हणाले, "वो चलता. भोंगे को क्या, कुछ भी बोलो."

९ मार्च
आता म्हातारा नसला तरी तोंडातून तेच नाव निघतं. पोरं मलाच दिगंबर म्हणायलेत. "अय दिगंबर, फर्मास गाणं लाव की." मी वळतो.
माझं खरं नाव नामदेव. त्या नावानं शेवटी कोणी बोलावलं, आठवंना. सत्तारभाई नुस्तं "अबे" म्हणतात. परांड्याकडं गावी माझा बा म्हणायचा, नाम्या. तिकडून निघताना कोणाला सांगितलं न्हाई. तिकडं आपला भोंगा जात न्हाई ते बरंच हाय.

१७ मार्च
परभणीत नामांतराचा मोर्चा, एस्ट्या बंद. सामान घेऊन फाट्यावर बसून.
एक गोष्ट लिहून ठेवतो. नाव घेतलं की भोंगा शिट्टी मारतो. माईक लांब नेला, वायर बदलली. "हॅलो" म्हणलं की गप. "दिगंबर" म्हणलं की पुन्हा शिट्टी. कोणाला सांगावं, हसतील.

२ एप्रिल, पाथरी
मोठ्या बागाइतदाराच्या नातवाचं बारसं, मळ्यात. भर दुपार. पंगती उठलेल्या, सत्तारभाई जीपमधी आडवे. मी माझ्यापुरतं हळू नाव घेतलं. सवय झालीय.
तर एक माणूस आला. डोक्याला रुमाल, कानावरून घट्ट गुंडाळलेला. माझा तांब्या उचलला, घटाघटा प्याला.
"ते नाव घेऊ नको," म्हणाला.
"का?"
"जिथं जावं तिथं ऐकू येतंय. जेवायला बसलं की येतंयच."
"तू दिगंबर का?"
"मी म्हणलो का तसं?"
"रुमाल काढ, कान बघू."
हसला नुस्ता. तेवढ्यात गाणं संपलं. कॅसेट उलटी करायला वाकलो. वर बघतो तर मळ्यात कोणीच न्हाई. ज्वारी कापून रान मोकळं, लपायला बांधावर एक झाड न्हाई. तांब्या उपडा, बुडाशी माती ओली.
सत्तारभाईला विचारलं, कोण होतं ते? म्हणाले, "कौन? मैं तो जागाच था. तू अकेलाच बडबडायला था."
ऊन लागलं असंल.

१४ एप्रिल, पूर्णा
वस्तीत जयंती. सकाळपासून गाणी. म्हातारा आला, कडेला उभा राह्यला, घोंगडी सावरत. तिथल्या शांताबाईनं खुर्ची दिली, चहा दिला. कप हातात धरून म्हातारा बराच वेळ नुस्ता बघत होता. मग प्याला.
शांताबाई मला म्हणाली, "मार की हाक, काय भ्यायलास? आमची काय पंगत बाटणार हाय?" मग म्हाताऱ्याला म्हणाली, "आमचा थोरला दीरबी असाच. नामांतराच्या दंगलीत घर जळालं, तवा निघाला. हाक मारावी तर कोणच्या दिशेला मारावी, तेच कळत न्हाई."
म्हातारा खाली बघून म्हणाला, "व्हय बाई."
मी हाक मारली. पाथरीचं म्हाताऱ्याला काय सांगितलं न्हाई. काय सांगू? दिसला? दिसला न्हाई? त्यानं नको म्हणलंय, ते?

२० एप्रिल
फाट्यावर म्हातारा सामानाजवळ बसला होता. "ऐकलं का रे कोणी?" विचारलं. मी म्हणलं न्हाई.
मग आपणहून बोलला. "त्यो जेवायला बसलता. मी म्हणलो, फुकटचं गिळायला लाज वाटत न्हाई का. तसाच ताटावरून उठला. हात धुतला न्हाई."
पाथरीला तो म्हणला ते, जेवायला बसलं की...
मला हे आधी ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

२६ एप्रिल
आज टेस्टिंगला गप बसलो. नुस्ता माईकवर टिचक्या मारल्या. तरी शिट्टी आली.

४ मे, पूर्णेजवळच्या वाडीत लग्न
सांगून टाकलं. मंडपाच्या मागं, आचारी कांदा चिरत होता तिथं. सगळं, रुमाल, तांब्या, जेवायचं, आणि नाव घेऊ नको म्हणला तेबी.
म्हातारा रडला न्हाई. विचारलं, "रोड झालाय का?"
"तोंड नीट दिसलं न्हाई."
"तांब्या कोणच्या हातानं उचलला? डावखुरा हाय त्यो."
लय आठवलं. आठवंना. न्हाई आठवत म्हणलं.
"पाणी प्याला म्हणतोस ना?"
"प्याला."
म्हाताऱ्यानं घोंगडी खाली ठेवली आणि माईक मागितला. सत्तारभाई बघत होते. गाणं मी बंद केलं. म्हाताऱ्यानं माईक दोन्ही हातांत धरला, घास धरावा तसा. बराच वेळ भोंग्यातून नुस्ता श्वास. पाव्हणे वर बघायले.
मग म्हणाला, "तुझं नाव घेत न्हाई बाबा. यायचं नसंल तर येऊ नको. पण जेव. पोटभर जेव."
शिट्टी आली न्हाई.
आचाऱ्याची सुरी थांबली होती. कोण्या बाईनं डोळ्याला पदर लावला. सत्तारभाई आपल्या हातानं सनईची कॅसेट शोधायले, सापडंना त्यांना. म्हातारा घोंगडी उचलून निघाला. जेवून जा म्हणलं तर म्हणाला, "आज जेवतो. चल, वाढ." पहिल्यांदा जेवला आमच्यात. सगळं ताट संपवलं, भाताचं शीतसुद्धा.

५ मे
सकाळी भोंगे बांधले. टेस्टिंगला काय म्हणावं ते सुचंना. ते नाव घ्यायचं न्हाई. हॅलो तोंडातून निघंना.
तांब्या भरून अँप्लिफायरजवळ ठेवला, झाकण न घालता.
मग माईकचं बटण बंद केलं आणि माझ्या बाच्या आवाजात हळूच म्हणून बघितलं, नाम्या.
सत्तारभाई जीपमधून म्हणाले, "कौन बुलाया रे?"