रिकामं परत द्यायचं नाही

खोटं आहे ते सगळं, आई, आणि तू मध्ये पडून त्यांची बाजू घेऊ नकोस. 'जाऊ दे रे, त्यांचं गाव आहे, त्यांना हवं ते लिहू दे.' हेच म्हणणार ना? तुला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुझी उत्तरं आता मीच देतो, आणि तरी वादात हरतो. भांडं मी देणार नाही असं बाबांना सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, 'काचेचं जुनं भांडं आहे, त्यात काय एवढं?' मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणजे त्यात काय एवढं ते त्यांना माहितीये.

तुला सगळं माहितीये, पण मी पहिल्यापासून सांगणार. पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला राग येत नाही, आणि सध्या मला राग यायला हवाय. काहीच येत नाहीये. इथे सिंगापुरात ऑफिसला जातो, चांगी बिझनेस पार्कात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तपासतो, सेम्बावांगला भाड्याच्या खोलीत येऊन झोपतो. लिहायला बसलो तर वाक्यं अशी येतात जशी लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई बोलतेय.

तर ते गाव. अमेरिकेच्या मधोमध कुठेतरी, एक मेन स्ट्रीट, एक सिग्नल, रेल्वेलाइनला लागून धान्याची उंच कोठारं आणि नजर जाईल तिथे मका. बाबा तिथल्या मक्याच्या कारखान्यात सिस्टिम्स बघायला गेलेले, तू डिपेंडंट व्हिसावर, मी पाच-सहा वर्षांचा. गाव एवढंसं, पण त्याला स्वतःच्या इतिहासाचं केवढं वेड. बंद पडलेल्या बँकेत त्यांनी हिस्टरी रूम केली होती. तिजोरीच्या खोलीत शाळेच्या बँडचे युनिफॉर्म, जळालेल्या चर्चची घंटा, पहिल्या दुकानाचा वजनकाटा. तुला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून तू तिथे फुकट काम करायला जायचीस. गावातल्या म्हाताऱ्या कॉफी पीत जुने फोटो ओळखायच्या आणि तू फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहायचीस, डावीकडून उजवीकडे. मी टेबलाखाली. 'शंभर वर्षांपूर्वी मेलेले सगळे ओळखते मी,' तू बाबांना म्हणायचीस, 'जिवंत दोनच. त्यातला एक तुम्ही.'

आजोबा, तुझे वडील, गेल्याचा फोन आला तेव्हा आपले पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला गेलेले होते. तुला पुण्याला जाता आलं नाही. तू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलीस ती बसलीसच. मला आठवतं, मी भूक लागली म्हटलं आणि तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मी कुठल्या तरी फोटोतला आहे आणि नाव सापडत नाहीये. दुपारी बेल वाजली. समोरच्या घरातल्या बाई, उंच, पांढऱ्या केसांच्या, हिस्टरी रूममध्ये तुझ्या शेजारी बसायच्या त्या. हातात ओव्हनमधून काढलेलं चौकोनी काचेचं भांडं, वर फॉइल. त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं, तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. फॉइल काढलं तर आत नूडल्स, चीज आणि चिकन. सुतकात, आपल्या घरात, चिकन! तू कितीतरी वेळ त्या भांड्याकडे बघत राहिलीस आणि मग हसायला लागलीस. हसता हसता रडलीस, दिवसभरात पहिल्यांदा. 'तुम्ही खा हो,' बाबांना म्हणालीस, 'मी त्या बाजूला बघत नाही.'

धुताना भांड्याच्या तळाला तुला मास्किंग टेप दिसली. त्यावर त्या बाईंचं नाव. तिकडची रीतच ती. कुणी गेलं की गावातल्या बायका त्या घरी जेवण नेतात, भांड्याच्या बुडाला आपलं नाव चिकटवून, म्हणजे दहा घरची भांडी एकत्र झाली तरी ज्याचं त्याला मिळावं. घासून, पुसून, रिकामं परत. पण तुला ते कसं जमणार? तुझ्या आईच्या घरी शेजारची वाटीसुद्धा रिकामी परत जात नव्हती. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामी नाही. तू शिरा केलास, केळं घालून, आणि भांडं भरून समोर नेलंस.

आणि तिथे घोळ झाला. त्या बाईंना वाटलं ही नवी भेट आहे, हिची परतफेड करायला हवी. आठवडाभरात भांडं परत, आत मक्याचा काहीतरी बेक केलेला प्रकार, या वेळी कोंबडीशिवाय. तू साबुदाण्याची खिचडी पाठवलीस. त्यांनी सफरचंदाचा गोड पदार्थ. तू मसालेभात. रस्ता ओलांडून ते भांडं किती वेळा गेलं आणि आलं. थंडीत बर्फातून तू स्वेटरवर स्वेटर घालून निघायचीस आणि बाबा खिडकीतून ओरडायचे, 'अगं, थांबव आता हे! कुणीतरी एकदा रिकामं द्या!' तू म्हणायचीस, 'मी? मी का देऊ? त्यांनी द्यावं!' समोरच्या बाई चर्चमध्ये सगळ्यांना सांगायच्या की या भारतीय बाईने मला जन्मठेप दिलीये. मग त्यांच्या बहिणीनेही भांडी भरून परत द्यायला सुरुवात केली, मग कोपऱ्यावरच्या घराने. आपण सिंगापूरला निघालो तेव्हा पाळी तुझी होती. सामान बांधलेलं, गॅस बंद, ओट्यावर ते भांडं. रिकामं देववेना तुला. टॉवेलात गुंडाळून बॅगेत टाकलंस. 'पुढच्या वेळी भरून आणीन,' असं त्यांना सांगितलंस. त्या म्हणाल्या, 'मी वाट बघते.'

बिशानच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तू लगेच डब्यांच्या बुडाला टेप लावलीस. मी शाळेतून इथली नवी इंग्रजी शिकून आलो होतो. म्हटलं, 'आई, पीपल विल लाफ लाह.' तू म्हणालीस, 'हसू देत. आणि लाह लाह काय करतोस, घशात काही अडकलंय का?' शेजारच्या चिनी आंटीला पुरणपोळ्या पाठवल्यास आणि डबा परत आला तो आत दोन संत्री घेऊन. तू डबा छातीशी धरून दारातच उभी. 'बघ, यांना शिकवावं लागलं नाही.' त्या दिवशी जेवताना तू मला सांगितलंस, 'दुःखाच्या घरी पहिल्यांदा सगळेच येतात रे. भांडं न्यायला दुसऱ्यांदा यावं लागतं, त्यासाठी ती टेप.' मी मान डोलावली, माझं लक्ष टीव्हीत होतं.

तू गेलीस तेव्हा सगळा मजला आला. मी सेकंडरीत होतो. त्या आंटीने सूप आणलं, वरच्या मजल्यावरून नासी लमाक, नारळाच्या दुधातला मलय भात, आला, तुमच्या भिशीतल्या बायकांनी पिठलं-भात आणला. सगळं प्लास्टिकच्या डब्यांत. आंटी माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, 'नो नीड रिटर्न, बॉय. ईट फिनिश, थ्रो कॅन ऑलरेडी.' चांगुलपणाच होता तो, आम्हा दोघांना धुवायला नको म्हणून. आम्ही खाल्लं आणि डबे टाकले. न्यायला काही नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. मी आणि बाबा तेव्हापासून एकमेकांशी हवामानावर बोलतो.

मागच्या महिन्यात त्या गावाहून व्हिडिओ कॉल आला. समोरच्या बाईंची मुलगी, साठीची, आता हिस्टरी रूम तीच बघते. आपण होतो तेव्हा ती दुसऱ्या राज्यात राहायची, तिने तुला कधी पाहिलं नाही. बाई गेल्या म्हणाली. शेवटपर्यंत सांगत होत्या की माझं एक भांडं आशियात आहे. गावात आता फारसं काही उरलेलं नाही. शाळा शेजारच्या गावात गेली, कारखान्यात निम्मी माणसं, मेन स्ट्रीटवर अर्ध्या काचांना कागद लावलेत. म्हणून गावातले लोक आता जुन्या गोष्टी मांडतायत. एक कपाट फक्त दुःखाच्या घरी न्यायच्या भांड्यांचं. तिने मला पाटी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली: आमच्या पणज्यांनी जहाजातून आणलेली रीत, इथे भांडं कधीही रिकामं परत दिलं जात नाही.

मी म्हटलं, ही रीत माझ्या आईची आहे. ती हसली, अगदी प्रेमाने. 'अरे बाळा, तुझ्या आईने आमच्याकडूनच उचलली असेल. आम्ही पहिल्यापासून असंच करतो.' तिला खरंच तसं वाटत होतं. पंचवीसएक वर्षं पुरतात बघ, पहिल्यापासून व्हायला. मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, 'मे बी.' मग तिने विचारलं, भांडं पाठवशील का? पाटीवर कुणाचं नाव येणार, म्हटलं. 'आमचा नियम सोपा आहे,' ती म्हणाली, 'बुडाला जे नाव असेल ते.'

म्हणून मी नाही म्हणत होतो. बुडाला एकच नाव आहे, आणि ते तुझं नाही. तू दुसऱ्याच्या भांड्याला आपली टेप कशी लावशील? मी तिला पानभर लिहून पाठवणार होतो: तू, शिरा, बर्फ, जन्मठेप. तीनदा लिहिलं आणि पुसलं. प्रत्येक वेळी ते एखाद्या तक्रारीसारखं वाचलं जात होतं, आणि तू तर त्या गावाबद्दल कधी तक्रार केली नाहीस, चिकनचीसुद्धा नाही.

आता मी बिशानच्या पोस्टात बसलोय, टोकन घेऊन, मांडीवर खोका. बाबा फ्लॅट विकून पुण्याला चाललेत, आज सकाळी तिथे गेलो तर त्यांनी भांडं हातात दिलं, हे कुठे ठेवू म्हणून. मी खालच्या दुकानातून मास्किंग टेप घेतली. बाईंच्या नावाखाली तुझं नाव लिहिलं, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, आडनावासकट. खोटं नाहीये ते. पाळी तुझीच होती. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, 'टेपची कडा नीट दाब, तिला निघालेली आवडायची नाही.' मग हवामानावर काही बोलले नाहीत.

हे पत्र खोक्यात घालणार होतो. नाही घालत. वाचता येणार नाही त्यांना, आणि बाईंची मुलगी प्रेमाने फ्रेम करून लावेल, उलटी. काउंटरवरची मुलगी विचारेल आत काय, तेव्हा मी सांगेन, ग्लास डिश. आणि साखर. ती म्हणेल, शुगर फॉर व्हॉट? मला इंग्रजीत सांगता येणार नाही की आता पाळी त्यांची आहे, आणि त्यांना माझ्याकडे परत यावं लागेल.

शिरा करून बघितला होता, आई. तळाला लागला. माझ्या घरची साखर त्यातच संपली. ही ऑफिसच्या पॅन्ट्रीतली आहे, कॉफीबरोबर मिळतात त्या पुड्या. बोलू नकोस काही. माझा नंबर लागला.