मूठभर न भाजलेलं बी

रिबावे, मोझांबिक, १९५०

आतिजाताई,

तुला साओ तोमे बेटावरच्या कुठल्या मळ्यात नेलं, ते कोणीच सांगत नाही. हे पत्र माझ्यापाशीच राहणार, म्हणून तर खरं लिहायचा धीर होतोय.

पोर्तुगिजांनी त्यांच्या गिरण्यांसाठी आपल्या खायच्या कसाव्याच्या कंदांच्या रानात जबरदस्तीने कापूस लावायला लावला, तेव्हा बी भाजून पेरायचं ठरलं ते तुझ्याच चुलीपाशी. "उगवलंच नाही तर म्हणतील जमीनच वांझ, आणि जातील तोंड काळं करून!" तू म्हणालीस आणि आम्ही बायका पोट धरून हसलो.

ताई, सगळं भाजलं, पण शेवटची मूठ मी भाजली नाही. खापर तापलेलं होतं, हात धजावला नाही. पेरायचं बी जाळायचं कसं गं? वाटलं, टाकते माझ्या रानाच्या कोपऱ्यात, कोण बघतंय.

तेवढंच तरारून आलं. मुकादमाने ते पाहिलं आणि शेजारी तुझ्या रानात बोटं घालून करपलेलं बी वर काढलं.

"कुणाची ही अक्कल?"

"माझीच," तू म्हणालीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

तुला तिथूनच नेलं, आणि माझं बी उगवलं म्हणून मला त्याने शाबासकी म्हणून कापड दिलं. वर्षभर मी त्याला हात लावला नाही. परवा तुझी सकीना थंडीने कुडकुडत होती, तेव्हा तिला ते पांघरलं.

"मावशी, कुठून आणलंस गं?"

"तुझ्या आईने पाठवलंय."

तेव्हापासून ती ते अंगावरून काढायला तयार नाही.

तुझी धाकटी,
मुआनाचा