'चुलीवर किल्ली'चे तिसरे कडवे

मी, ओर्लीन टॅकेट, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार हॅझेल फोर्क, केंटकी, धंदा गाणी रचणे व गाणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. आवाज तेवढा गेला आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली आयुष्यात एकदाच सही केली, आणि ते निस्तरायलाच हा कागद.

१. माझा घटस्फोटित नवरा वेंडेल याची स्टील गिटार त्याला परत द्यावी. कोर्टात मी ती निव्वळ हट्टाने मागून घेतली. मला ती वाजवताही येत नाही. "ओर्ली, निदान तारा तरी बदल गं," एवढेच तो दर नाताळला म्हणायचा. तारा बदलल्या आहेत.

२. 'चुलीवर किल्ली' या गाण्याला मिळालेली सोनेरी तबकडी कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगावी. तिच्या चकाकीने ससाणे तरी घाबरतील.

३. आता मुद्द्याचे. ते गाणे माझ्या आईचे, व्हर्जीचे. बाबांनी पुन्हा तिच्यावर हात उचलला त्या सकाळी तिने मक्याचा पाव भाजला, घराची किल्ली चुलीवर ठेवली आणि आम्हा दोघी बहिणींना घेऊन निघाली. परत कधीच गेली नाही. मी तसेच रचले होते:

"पाव गारठला, किल्ली गंजली,
मी वळून पाहिलं नाही."

नॅशव्हिलचा रेकॉर्डवाला लेलंड क्रफ म्हणाला, "पोरी, असलं कोण ऐकणार? बाई शेवटी घरी यायलाच हवी." त्याने तिसरे कडवे बदलले, बाई पाव निवायच्या आत परत! मी बावीस वर्षांची, घाबरट. सही केली.

गाणे घराघरांत वाजले. आईने रेडिओ बंद करून विचारले, "ओर्ली, मी गं कधी परत गेले?" मी त्यानंतरही पन्नास वर्षे तेच खोटे कडवे गायले. लाज वाटते मला.

४. भांडून परत मिळवलेले गाण्याचे हक्क, माझी गिटार, घर आणि आईला पुरले ती मागची टेकडी बहिणीच्या मुलीला, नोव्हेलाला. अट एकच. मे महिन्यात थडगी सजवायच्या रविवारी सगळे जेवणाचे डबे घेऊन जमतील, तेव्हा आईजवळ उभे राहून तिने माझे कडवे गावे. गावाला खोटेच पाठ आहे, लोक सवयीने तेच ओढतील. नोव्हेला, तूही चुकशील. तेच ऐकत वाढलीस. चुकलीस की थांब, पहिल्यापासून धर. तळलेली कोंबडी गार होऊ दे, पाद्रीबुवा उपाशी राहू देत. आई घरी परत जायची थांबेपर्यंत कोणीही जेवायला बसायचे नाही.

हॅझेल फोर्क, ३ एप्रिल २०१९

सही: ओर्लीन टॅकेट (या खेपेस स्वखुशीने)

साक्षीदार:
अर्नेस्टीन गिब्स, पोस्टमास्तरीण
हार्लन स्टिडम, चर्चचा पियानोवाला. कागद ऐकून म्हणाला, "आयला, मीसुद्धा खोटंच वाजवत आलो!"