दाब लय उतरलाय

५ मे १९९९, पलूस
चटका बसला! कॉम्प्युटरचं झाकण काढून ग्राफिक्स कार्डाच्या पात्यांना बोट लावलं— तापलेला तवाच. किती तापलंय ते असंच बोट लावून बघायचं, असं प्रबुद्धनं शिकवलंय. (तोंडावर 'अहो'. इथे तरी नावानं.) तो सांगलीच्या दवाखान्यात, आणि त्याच्या दुकानात मी.

७ मे
लग्नाच्या कॅसेटीत नवरा-नवरीची नावं गरगरत येतात, ती या कार्डाच्या जिवावर. कामं लवकर उरकावीत म्हणून प्रबुद्धनं त्याचा वेग नव्वद मेगाहर्ट्झवरून एकशे पाचवर नेलेला. "उन्हाळ्यात एवढा नको," मी म्हणायची. "अगं, पळतंय की!"
आज नवरीच्या नावावर रंगीत ठिपके उठले. वेग पंचाण्णववर आणला. ठिपके गेले! एकटीच हसले. मग रडू आलं. दाखवू कुणाला?

९ मे, सांगली
डॉक्टर म्हणाले, "दाब टिकत नाही." पलूसला दाब म्हणजे विजेचा. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की तो उतरतो, स्टॅबिलायझर टकटक करतो आणि कार्ड पडद्यावरचं चित्र गोठवून बसतं. प्रबुद्ध म्हणाला, "मलाही एक स्टॅबिलायझर बसवा म्हणावं." शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, भामाबाई, पदर तोंडाला लावून हसली. "लय गमत्या हाय गं तुजा मालक!"
त्याचा हात धरून बसले होते. मे महिन्यात इतका गार हात.

१० मे
आज जायचं नव्हतं मला. त्यानंच पाठवलं— "आष्ट्याच्या लग्नाची कॅसेट उद्या द्यायचीय. जा. संध्याकाळच्या गाडीनं ये."

१३ मे
लिहवत नाही.
त्या संध्याकाळी समोरच्या किराणा दुकानातून नानासो ओरडले, "वैनी, सांगलीसनं फोन हुता! दाब लय उतरलाय म्हनत्यात!" डोक्यावरचा दिवा मंद झालेलाच. वाटलं, तिथं पडूनही कार्डाचीच काळजी! पटकन कॉम्प्युटर बंद केला. दाब वर यायची वाट पाहिली, कॅसेट पुरी केली. शेवटची एस.टी. गेली होती.
सकाळी पोचले, तर खाटेवर दुसराच माणूस. चादरही बदललेली. नर्स म्हणाली, पहाटे गेले.
दाब त्याचा उतरला होता. आणि मी कॉम्प्युटर बंद करून बसले!

१६ मे
पुण्यानुमोदनाचा विधी झाला. नणंद म्हणते, "दोन घास खा." 'दाब'— एक शब्द. तेवढाही नीट ऐकता आला नाही मला.

१९ मे
दुकान उघडलं नाही. नानासो दारापर्यंत येऊन परत गेले.

२३ मे
भामाबाई भेटायला आली. "फोन म्याच केलता, बाई. तवा चांगलं बोलत हुतं की! वरचा बल्ब बारीक झाला, तसं म्हनालं, 'तिकडं तर दाब लय उतरला आसंल. नीलिमाला सांगा, ते गिराफ का काय कार्ड बंद कर, जळंल.' मला ते इंग्रजी नाव बोलता येईना. म्हून नुस्तं दाब उतरलाय म्हनले."
मी बंद केलं होतं. लगेच केलं होतं.