सगळ्यांच्या मागून चालताना

सर, आज मी सगळ्यांच्या शेवटी चालत होते. तुमच्या वर्गातली ती पुढे पळणारी आगाऊ मुलगी साठी ओलांडून गेली आहे आणि टोकियोजवळच्या एका विद्यापीठात ज्वालामुखींचे खडक शिकवते. दरवर्षीप्रमाणे विद्यार्थ्यांना घेऊन ओशिमा बेटावर आले आहे. जपानमध्ये वाळवंट म्हणावं असं जे थोडं आहे, ते इथे. ज्वालामुखीच्या उतारावर पसरलेली काळी खडी, जवळजवळ उघडी, आणि मधूनच उडता उडता थिजलेल्या लाव्हाचे वाकडेतिकडे सुळके. हे राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे तंबू कुठेही ठोकता येत नाहीत. किनाऱ्याजवळ नेमून दिलेल्या जागेत आमचे पाच तंबू आहेत. बाहेर मुलं भाताची तयारी करताहेत. दुपारचे चार वाजलेत आणि मी आडवी आहे. दुपारी आडवं होणाऱ्यांविषयी माझं मत काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

राजस्थानात बाडमेरजवळच्या लाल टेकड्या. आमच्या शेवटच्या वर्षाची टूर. तुम्ही पांढरी टोपी घालून सर्वांत मागे चालता आणि थोड्या थोड्या वेळाने हाक येते, "थांबा. हा खडक बघा. बसा आणि वर्णन लिहा." आम्ही बसतो. तुम्हीही बसता, आमच्याकडे पाठ करून. पाचव्यांदा थांबवल्यावर मी उठते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "सर, असं चाललो तर वर पोचायला उद्या उजाडेल. तुम्ही तंबूत बसा, मी नेते सगळ्यांना." वर्ग हसतो. तुम्ही मागे न वळता म्हणता, "ने की. आधी वही दाखव." वहीत तीन ओळी होत्या. "तीन ओळींत संपला हा खडक? तुझ्या तक्रारी याहून लांब असतात. बस खाली." मी चिडून चार पानं लिहिली. दाणे, रंग, भेगा, भेगांतली माती, सगळं रागारागाने. खडकाकडे बघायला मी त्या दिवशी शिकले. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात. तुमच्या घरी भेटायला आलो तेव्हा काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी टूरला जाऊ नका म्हणून बजावलं होतं. हे मला म्हणाले, पोरांना कळू देऊ नकोस, नाहीतर खडक सोडून मलाच सांभाळत बसतील." मी काकूंकडे बघू शकले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या इचिकावातल्या डॉक्टरांनी मला तेच सांगितलं, फार सभ्यपणे. हृदयाला चढ झेपणार नाही. मी मान हलवली, घरी आले आणि बोटीची तिकिटं काढली. कोणाला सांगितलं नाही. आज अर्ध्या चढावर छातीला पट्टा आवळल्यासारखं झालं आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. हा थर बघा." सगळे निमूट बसले, वह्या उघडल्या. पुण्याहून पीएचडीला आलेली माझी विद्यार्थिनी, जी इतरांसमोर मला जपानी रीतीने सेन्सेई म्हणते आणि एरवी मॅडम, ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, हा थर मगाशी खाली पाहिला की आपण."

"तोच कशावरून? लिही."

"लिहिते. पण तुमचे ओठ निळे का दिसतायत?"

"थंडी आहे."

"मॅडम, मी टी-शर्टवर आहे."

गप्प बस म्हटल्यावर ती गप्प बसली, पण माझी सॅक तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मग माझ्याही मागून चालत राहिली. म्हणजे वर पहिल्या ओळीत लिहिलं ते चूक. शेवटी मी नव्हते, ती होती.

उद्या सुळक्यांपर्यंत चढायचं आहे. मी तिथे कोसळले, तर निळे ओठ दिसले होते आणि आपण गप्प बसलो, हे ती जन्मभर वागवेल. ते किती जड असतं, मला माहीत आहे. म्हणून भात झाला की सगळ्यांना सांगणार आहे. उद्या ती नेईल, मी तंबूत बसेन. पुढच्या वर्षी येणार नाही. तुम्ही सांगितलं नाहीत याचा मला राग आहे, सर, अजून आहे. आम्ही सांभाळलं असतं तुम्हाला. निदान मी तोंड आवरलं असतं.

हे फील्डच्या वहीत लिहिते आहे. वहीचं पान फाडायचं नाही हा तुमचाच नियम, त्यामुळे हे इथेच राहील. एक मात्र मुलांना सांगणार नाही, तुम्हाला सांगते. तो थर मी बघून निवडला नव्हता. दम लागला तिथे जो समोर होता, तो दाखवला. पण एका मुलीला त्यात राखेची एक बारीक पांढरी रेघ सापडली. इतक्या वर्षांत मला ती कधी दिसली नव्हती. मी तिची वही तपासली, शाबास म्हटलं, आणि त्याच रेघेसाठी थांबवलं होतं असा चेहरा केला.