गॅरेजमधली घरघर

गंधार,

मी हॅमिल्टनला ताईकडे चाललेय, उद्या येईन. वरणभात आणि भेंडीची भाजी ओट्यावर आहे. नुसत्या टोस्टवर राहू नकोस.

संध्याकाळी हेन्डरसनहून ब्रू क्लबचा क्रेग येईल. तुझ्या दादाचं बिअरचं सगळं सामान त्याला देऊन टाक. सामान जाताना मला बघवणार नाही. मोठी पातेली, बादल्या, काचेचा चंबू, आणि यीस्ट ढवळायला दादाने कॉम्प्युटरच्या जुन्या पंख्यापासून केलेला तो डबा. चंबू टॉवेलमध्ये गुंडाळ, फुटेल. फ्रिजमध्ये जॅमच्या बरणीत थोडं यीस्ट आहे, तेही दे. विरजणासारखंच असतं ते, कोणीतरी लावत राहिलं तर टिकेल.

गॅरेजमध्ये कसली घरघर चालू असते, असं तू विचारलं होतंस. तोच डबा होता. निनादने शुक्रवारी यीस्ट लावलं, शनिवारी बिअर करायची होती, आणि सकाळी तो उठलाच नाही. मग मी डबा बंदच केला नाही. ओट्यापाशी उभी असताना घरघर ऐकू आली की वाटायचं, आहे तिकडे, काहीतरी करत बसलाय. काल बंद केला. चंबूतलं ओतून दिलं, वास मारत होतं.

डब्यावर चंबू ठेवला की आत फिरून यीस्ट ढवळणारा कॅप्सूलएवढा पांढरा मॅग्नेट क्रेग मागेल. हरवला म्हणून सांग. ही चिठ्ठी मी त्याच मॅग्नेटने फ्रिजला लावलीय. वाचून झाली की चिठ्ठी फाडून टाक, मॅग्नेट तिथेच राहू दे.

वहिनी