ऐकलं सगळं, आता उठते

३ मार्च, सोमवार
"बोलत नाही!"
सहा महिन्यांच्या कामावर विभागप्रमुख डॉ. आसिबेंचा हा अभिप्राय. हात पाठीमागे, हनुवटी वर. "दिसतं छान, तिवा. पण काही बोलत नाही. टेबलावर अंथरायला बरं आहे."
सुती कापडावर गरम मेणाचे ठसे, मग निळा रंग. ठसा आपल्या कोरीव लाकडी स्टुलाचा (घरात ज्याचं त्याचं असतं ते), एकाखाली एक, ओळीनं. चार एप्रिलला शेवटची पाहणी. तोवर कापड बोललं नाही तर हेच वर्ष पुन्हा! आईनं माझ्या फीसाठी दोन वर्षं चपला बदलल्या नाहीत. तिला काय तोंड दाखवू?
उठताना सवयीनं माझं स्टूल आडवं केलं. बसणारा उठून गेला की स्टूल आडवं करायचं; रिकामं उभं कोण ठेवतं? डॉक्टर हसले. "अजून कुमासीच्या आज्यांच्या समजुती! रिकाम्या जागेवर कुठलं भूत येऊन बसणार आहे गं?"
सगळे हसले. मीही हसले. लाज वाटली स्वतःची.

४ मार्च
मॅडम लार्बी म्हणाल्या, "कापडाचा जागेशी संवाद नाही. फाडून बघ." फाडलं. आता दोन तुकडे संवाद करत नाहीत.
ओसेई सर म्हणाले, "मेणाला विचार, त्याला काय हवंय." विचारलं. मेण हातावर उडालं. फोड आलाय. निदान त्यानं काहीतरी उत्तर दिलं!

६ मार्च, सुट्टी
सगळे स्वातंत्र्यदिनाचं संचलन बघायला गेले. मी फोममध्ये नवा ठसा कापत बसले. स्टूल, पण आडवं. कुणीतरी नुकतंच उठून गेलंय असं.
रागानं कापला. रागाच्या भरात हात चांगला चालतो, हे कुठल्याच अभिप्रायात कुणी सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार
नव्या ठशाचं वाळत घातलेलं कापड आईनं पाहिलं. बाजारात तीस वर्षं कापड विकतेय, एका नजरेत पारखते. तिथं प्रत्येक कापडाला नाव असतं, तेच त्याचं बोलणं.
"नाव काय याचं?"
"नाव नाही. अभ्यासाचं काम आहे."
"अगं बाई, बिननावाचं कापड म्हणजे मुकं पोर! घेणार कोण?" पाणी प्यायली, पुन्हा बघितलं. "ऐकलं सगळं, आता उठते."
मला वाटलं निघाली. पण ती बसूनच होती. ते नाव होतं!
चार वर्षं शिकवून तीन-तीन पदव्यांच्या माणसांना जमलं नाही ते तिनं एका घोटात केलं. चिडलेच मी.

१२ मार्च
आईनं न विचारता सगळं कापड दुकानात नेलं! माझ्याकडे पाहणीपुरता एकच तुकडा. भांडले. म्हणाली, "बोलत नाही म्हणतात ना? बाजारात बोलेल."

१९ मार्च, बुधवार
बोलतंय. एकीनं सासूला ऐकवायला नेलं, एकीनं जावेला. तोंडानं बोललं की भांडण, अंगावर घातलं की कापड! कुणी काही म्हणू शकत नाही.
आज एक बाई आली होती म्हणे. शांत, चष्म्याची. आईनं नाव सांगितलं. बाईनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि सहा वार घेतलं. भाव केला नाही!
"भाव न करणारी बाई," आई म्हणाली, "एकतर बाजारात नवी, नाहीतर ठरवून आलेली."

३० मार्च, रविवार
चर्चमध्ये पहिल्या ओळीत माझी स्टुलं! मिसेस आसिबेंनी शिवून घातलीत. शांत, चष्म्याच्या. अरे देवा.
बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. आधी कापडाकडे बघायच्या, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर आपला नवा टाय सारखा करत होते. त्यांना वाटलं, टायकडेच बघतायत!
पोट धरून हसले घरी येऊन. आई हसली नाही. "ते कापड कुणी उगाच घालत नाही," म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

३ एप्रिल
झोप नाही. डॉक्टरांना कुणी नाव सांगितलं तर? माझं कापड, माझ्या आईचं दुकान. वर्ष गेलंच!

४ एप्रिल, शुक्रवार
मॅडम लार्बी जागेबद्दल बोलल्या, ओसेई सर मेणाबद्दल. मग डॉ. आसिबेंनी दोघांना बाहेर जायला सांगितलं. शर्टाला इस्त्री नव्हती.
"याला नाव आहे का?"
खोटं बोलणार होते. नाही जमलं. सांगितलं.
ते कापडाजवळ गेले, आडव्या स्टुलावर बोट ठेवलं. मग कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, माझ्याकडे न बघता.
"सोमवारपासून बायकोचं स्टूल घरात आडवं पडलंय," म्हणाले. "मला वाटलं, झाडताना पडलं असेल."